तिसरी मोटर

जावयाने घरीच बनवलेलं लाकूड कोरायचं मशीन पुन्हा अर्ध्या फुलावर अडकलं. तासाभरात चेणे गावच्या देवळाचे विश्वस्त नमुना बघायला येणार. नमुना तयार नसला तर देवळाच्या दाराचं काम हातचं जाणार. “मोटरच खराब, आई. तिसरी आणतो.” “आणा जावईबापू, मोटरींचं लोणचं घालू!” मेथी निवडताना सासूबाईंनी हेरलं होतं: मशीनचा हात खिडकीकडे लांबला, वायर ताणली, की मोटर गप्प. पेणकरपाड्यात तीस वर्षं इस्त्री फिरवलेल्या बाईला असल्या वायरी ठाऊक होत्या. “मेन स्विच बंद करा,” म्हणत त्यांनी वायर चिमटीने दाबत नेली. एका जागी मऊ लागली. “इथे कापा.” आत तांब्याची तार तुटलेली! नवी वायर लागताच फूल शेवटच्या पाकळीपर्यंत उमललं. काम देत विश्वस्तांनी विचारलं, “मशीन कुणाचं?” “बनवलं आमच्या जावयांनी,” सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, “चालतं केलं मी.”