आवाज नोंदवला जात नाही

बस स्टँड, कॅमेरा दोन. एक माणूस केळं खातो. साल टाकायला डबा शोधतो, सापडत नाही, खिशात घालतो.

कॅमेरा पाच. तिकीट खिडकीवर एक बाई भांडते आहे. मागची सगळी रांग तिच्या बाजूने.

कॅमेरा सहा. भिंतीवर पाटी: आपण कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहात. आवाज नोंदवला जात नाही.

कॅमेरा नऊ. शेवटचा बाक. दोन मुली. चार हात हवेत.

नऊवर त्या दोघी आल्या, की ऑपरेटर आठकडे बघायची. आठवर बंद पडलेलं वजनाचं यंत्र, बाकी काही नाही. दोन आठवडे हे असं चाललं. साहेबांनी एकदा टोकलं, "त्या यंत्राशी लग्न लावायचंय का तुझं?" ती हसली. दुसऱ्या दिवशी मुली आल्या आणि तिने पुन्हा आठकडे मान वळवली.

मग एका दुपारी त्यातल्या एकीचा बाप कंट्रोल रूममध्ये येऊन उभा राहिला. बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही असा नियम आहे. पण तो साहेबांच्या ओळखीचा. मुलगी दोन दिवसांपूर्वी घरातून निघून गेली होती. वय चोवीस. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. रविवारी लग्न.

"तिला विचारलं होतं?" ऑपरेटरने विचारलं.

"काय विचारणार? बोलता येतं का तिला?"

"घरात कुणालातरी तिच्या खुणा येत असतील ना, काका."

"ये, जा, जेव, झोप. चोवीस वर्षं तेवढ्यावर भागलं की."

साहेबांनी परवाचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. पडद्यावर मुलगी मैत्रिणीला भराभर काहीतरी सांगत होती. बाप पडद्याला नाक लावून बसला.

"हळू कर. मागे घे. हे बघा साहेब, सहा बोटं दाखवतेय. सहा काय?"

"आता हे कोण वाचणार," साहेब म्हणाले. "पाण्यावरची अक्षरं ही."

ऑपरेटरने चित्र तीनदा मागे नेलं. तिन्ही वेळा तिने नऊकडे सरळ पाहिलं. मुलीच्या हातांवरून डोळे हलवले नाहीत.

बाप तिच्याकडे वळला. त्याचा आवाज खाली आला होता. "तुला काही कळतंय का, बाळ? तू पण पोरगीच आहेस. सापडली तर आज रात्रीच घरी नेतो, रविवारपर्यंत बाहेर सोडत नाही."

"नाही, काका. मी नुसती बटणं दाबते."

साहेबांनी निकाल दिला. मुलगी बस स्टँडवर पुन्हा कशाला येईल? रेल्वे स्टेशनवर माणसं उभी करा. बाप घाईघाईने निघाला. ऑपरेटरने पडद्यावरचे त्याच्या बोटांचे डाग पुसले. मग फोन करून उद्याची दुपारची पाळी एका सहकाऱ्याला दिली आणि त्याची सकाळची घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीस. पाठीवर पिशवी लावलेली मुलगी नऊवर आली. मैत्रिणीने तिला घट्ट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. ऑपरेटर आठकडे बघत होती. मुलगी बसमध्ये चढली. बस हलली.

साहेब चहाचा कप घेऊन दारात आले. "नऊवर काय?"

तिने मान वळवली. "काही नाही, साहेब. बाक रिकामा आहे."

तो खरंच रिकामा होता.

ऑपरेटरचे आई-वडील दोघंही जन्मापासून बहिरे आहेत.