खुंट्यांचं पाणी

चौथी खुंटी ठोकून झाली आणि जमिनीखालचं पाणी शोधायच्या मशीनवरचा आकडा नाचायला लागला. दोनशे, नऊशे, चाळीस, पुन्हा सातशे. सर्वेवाला निवांत बघत राहिला. त्याला हवा तसाच तो नाचत होता.

"साहेब, पकड नाही," हातोडा जमिनीवर टेकवत मदतनीस म्हणाला. तीस वर्षं खुंट्या ठोकण्यात गेलेला माणूस; सगळे त्याला मामा म्हणत. "माती पार खडखडीत झालीये. वीज आत शिरत नाही. पाणी ओतायला लागेल."

"राहू द्या, मामा. या वरच्या आळीत दर चौथ्या दिवशी टँकर येतो. पाणी कुठल्या तोंडाने मागायचं?"

मामाला साहेबांचा अभिमानच वाटला. या चांगुलपणाच्या पोटात काय होतं, ते साहेबांच्या बॅगेत होतं. कालच टाइप झालेला, सहीशिक्क्यासकट अहवाल. 'वरची आळी: पाणी लागण्याची शक्यता नाही.' बोअर खालच्या रस्त्याला, पाणी समितीच्या अध्यक्षांच्या फाटकाशी घ्यायची ठरली होती, आणि अध्यक्ष म्हणजे सर्वेवाल्याच्या बायकोचे थोरले भाऊ. वरच्या आळीत मशीन फिरवून आणायचं ते कागदावर तारीख पडावी म्हणून. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. कोरड्या मातीत खुंट्या रोवल्या की मशीनच बिचारं भलतंसलतं बोलतं. आपण नुसतं लिहून घ्यायचं.

"काय मागतंय ते?"

शेवटच्या घरातली शिंपीणबाई शिवण टाकून दारात आली होती. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

"काही नाही, ताई. चाललंय."

"चाललंय कुठलं? मघापासून बघतेय, तुम्ही मशीनकडे बघता आणि मामा तुमच्याकडे. माझं मशीन अडलं की आमच्या घरातही असंच चालतं."

गप्प बसणं मामाला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. "खुंट्यांच्या बुडाशी मीठपाणी लागतं, ताई. तिथे ओल असली की वीज नीट खाली उतरते. मग खाली पाणी आहे का नाही, ते खरं कळतं."

"मग बोला की. पाणी शोधायला आलेला माणूस पाणी मागायला लाजतो, हे पहिल्यांदाच बघतेय."

ती आत वळली. उघड्या दारातून तिचं प्यायच्या पाण्याचं पिंप दिसत होतं. प्लास्टिकचं, आतलं पाणी बाहेरून दिसेल असं. त्याच्या अंगावर शिवणाच्या खडूने तीन आडव्या रेघा ओढल्या होत्या. टँकर येईपर्यंतच्या चार दिवसांची वाटणी. कापड बेतावं तसं बाईने पाणी बेतलं होतं. आज दुसरा दिवस. पाणी पहिल्या रेघेच्या जरासं खाली होतं. तिने कळशी बुडवून वर काढली, तेव्हा दुसरी रेघही कोरडी पडली.

"ताई, नको. खरंच नको."

सकाळपासूनचं हे सर्वेवाल्याचं पहिलं खरं वाक्य होतं, आणि नेमकं तेच तिने मनावर घेतलं नाही.

"चांगलं मूठभर मीठ टाकलंय," कळशी मामाच्या हातात देत ती म्हणाली. "खारट झालं तरी तुमच्या खुंट्या काही नावं ठेवायच्या नाहीत."

मामाने चारही खुंट्यांना पाणी पाजलं. मातीने ते घटाघटा ओढून घेतलं आणि मशीनवरचा आकडा जागच्या जागी उभा राहिला. एकशे दहा.

मामा खुंट्या उपटून लांब लांब रोवत गेला. खुंट्या जितक्या लांब, तितकी वीज खोल. एकशे नव्वद. दोनशे साठ. तीनशे. आकडा चढत होता, म्हणजे खाली कोरडा कातळ होता. सर्वेवाल्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. बॅगेतला कागद आपल्याआपणच खरा होत होता.

"संपलं का पाणी?" शिंपीणबाईने दारातून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दुसरी कळशी भरून आणली.

खुंट्या आणखी लांब गेल्या. एकशे ऐंशी. एकशे दहा. सत्तर.

मामाला लिहितावाचता येत नव्हतं, पण उतरता आकडा त्याला आवाजावरून कळायचा. साहेब आकडा मोठ्याने सांगता सांगता हळू झाले होते. "ओल लागली, साहेब," तो तिथूनच ओरडला. "सव्वाशे फुटांच्या आसपास. कातळाला भेग असणार. खाली अध्यक्षांच्या फाटकापाशी आकडा एवढा उतरला नव्हता."

"म्हणजे आहे?" शिंपीणबाईने विचारलं. विचारलं मामाला नाही, साहेबांना.

"आकडे… ऑफिसात नेऊन नीट मांडावे लागतात, ताई. लगेच सांगता येत नाही."

"मांडा, सावकाश मांडा. एवढी वर्षं थांबलोय." ती हसली. "आता मी शेजारणींना सांगते, माझ्या पाण्याने पाणी सापडलं. त्यांना ते आयुष्यभर ऐकवणार आहे मी."

वायरी गुंडाळल्या गेल्या. वही ठेवायला सर्वेवाल्याने बॅग उघडली. अहवाल वरच होता, एकही घडी न पडलेला. त्याने वही त्याच्यावर ठेवली. मग काढून खाली ठेवली. मग हातातच धरली.

मान वर केली तर शिंपीणबाई समोर पेला घेऊन उभी. तिच्यामागे, दाराआड, पिंपावरची तिसरी रेघही कोरडी पडलेली दिसत होती.

"घ्या. केव्हाचे उन्हात उभे आहात."

त्याचा हात पुढे होईना. तिला तिच्या परीने उलगडा झाला.

"प्या हो निवांत," ती म्हणाली. "यात मीठ नाही घातलं."