सातव्या थराखाली

डॉ. देवस्थळींनी डिस्कवर स्वतःच्या सत्काराचा व्हिडिओ सात वेळा चढवला होता. चौकशी समितीची तंत्रज्ञ मृणाल यंत्रावर एकेक थर सोलत होती. प्रत्येक थरात तीच शाल, तोच नारळ, तेच लांबलचक भाषण.

"वर सात वेळा लिहिलं की खालचं काही उरत नाही," सर खुर्चीत रेलून तिलाच शिकवत होते.

आठव्या थरात त्यांच्या विद्यार्थिनीचा, आश्लेषा वाघमोडेचा प्रबंध निघाला. सत्काराच्या दोन वर्षं आधीचा. ज्या शोधासाठी सरांना शाल मिळाली, तो अक्षरशः त्यातलाच होता: पुसलेल्या डिस्कचे खालचे थर कसे वाचावेत. समोरचं यंत्र त्याच पद्धतीवर चालत होतं.

मृणालने सरांकडे पाहिलं.

"चोरलात ते चोरलात, सर. निदान एकदा वाचून तरी बघायचं."