थांबलं की या

"आज पण रक्त जातंय? मग आज नाही. थांबलं की या."

सिस्टरने नेहमीचं वाक्य फेकलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. स्त्रीरोग विभागाच्या दाराशीच तिची खुर्ची. रक्त जात असेल तर नीट दिसत नाही, म्हणून अशा बाईला तपासणीच्या टेबलावर घ्यायचं नाही, ही जुन्या डॉक्टरांची पद्धत. ते कधीच निवृत्त झाले होते. पद्धत मात्र अजून कामावर होती. बायकांनी सिस्टरचं नाव पाडलं होतं, 'थांबा सिस्टर'. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिने ते कौतुक समजून घेतलं होतं.

परत पाठवलेली म्हातारी वळली. सोबतची सून जागची हलली नाही.

"अहो, थांबतच नाही म्हणून तर आणतेय! दर वेळी परत पाठवता. आईंची पाळी जाऊन जमाना झाला."

"आरडाओरडा नको. नियम सगळ्यांना सारखा."

सिस्टर उठली आणि कमरेला बांधलेला स्वेटर तिने सारखा केला. एवढ्या उकाड्यात हा कशाला, असं आयाने सकाळीच विचारलं होतं. कंबर धरलीय, असं सांगून तिने तिला वाटेला लावलं होतं.

आवाज ऐकून नव्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी म्हातारीचा हात धरून तिला आत नेलं. पडद्यामागे त्यांनी एकदा तपासलं, मग पुन्हा तपासलं. सिस्टर ट्रे घेऊन शेजारी उभी होती. असं पुन्हा तपासण्याचा अर्थ तिला नोकरीने शिकवला होता. तिने ट्रे खाली ठेवला आणि स्वेटरची गाठ आणखी घट्ट केली.

आतल्या गाठीचा तुकडा कॅन्सरच्या तपासणीला गेला. सून म्हातारीला धरून बाहेर घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून बादलीत आपटले.

"पहिल्यांदा आल्या तेव्हाच बघितलं असतं, तर काही हातात होतं. आता पसरलंय बहुतेक. सिस्टर, पाळी गेल्यावर रक्त जाणं हेच तर दुखणं! ते थांबायची वाट बघत कोण बसतं?"

सिस्टरने दार लोटलं, कडी घातली. मग कमरेचा स्वेटर सोडला. पांढऱ्या गणवेशावर मागे डाग होता.

"मी बसलेय, मॅडम," ती म्हणाली. "वर्ष होत आलं."