पहिला सोमवार

आठचा भोंगा वाजला तरी फाउंड्रीतल्या क्रेनवर कुणी चढलं नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतून ते पाहून कामगार अधिकारी वैजयंती मॅडमनी लगेच फोन लावला.

क्रेनचालक तोडकर गेल्या वर्षी एकोणीस सोमवार दारूपायी गैरहजर राहिले होते. मालक त्यांना काढून टाकायला निघाले, तेव्हा मॅडमनीच भांडून नोकरी राखली आणि तोडकरांना व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. "पुन्हा प्यायला तर जबाबदारी तुमची," मालकांनी बजावलं होतं. तोडकर कामावर परतल्यानंतरचा आज पहिला सोमवार.

ते फोन उचलेनात, तेव्हा मॅडम गेटकडे धावल्या. तोडकर वॉचमनच्या बाकावर अंग चोरून बसले होते.

"प्यायलात?"

"नाही, मॅडम. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." त्यांनी थरथरते हात पुढे केले. "वर वितळलेलं लोखंड, खाली माणसं. आज मला क्रेन देऊ नका."

"आज स्टोअरमध्ये बसा. क्रेनचं मी बघते."

"म्हणजे खाडा नाही ना लागणार?"

"आलात ना कामावर?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांना सोबत घेऊन आत निघाल्या.