भुयाराची अट

"मेलो बे!" बबनरावाने किलवरचा नहला खाटेवर आपटला. त्याच्यापुढे तुरीचा एकही दाणा उरला नव्हता.

चंद्रभानने पत्ते गोळा केले. हा अकरावा दिवस. रोज दुपारी एक डाव, आणि रोज बबनराव भुयारातच मरत होता.

हा खेळ दोघांनी तरुणपणी पुलगावला पहारेकरी असताना बसवला होता. पिसलेले पत्ते म्हणजे भुयार. एक पत्ता उलटायचा म्हणजे एका खोलीत पाय टाकायचा. सुरुवातीला वीस दाणे मिळत, तेवढाच आपला जीव. काळा पत्ता निघाला की राक्षस. जेवढा आकडा, तेवढे दाणे तो खाणार. चौकट म्हणजे हत्यार, बदाम म्हणजे दवा. तळाशी कायम इस्पिकचा राजा, भुयाराचा धनी. तो मरायचा तर त्याच्या आधीचा पत्ता नेमका चौकटचा एक्का निघायला हवा. एवढ्या वर्षांत ते दोघांपैकी एकालाही जमलं नव्हतं.

म्हणूनच चंद्रभानने ती अट घातली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात तळेगावच्या शाळेत डॉक्टर आले आणि त्यांनी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तपासलं. चंद्रभान जायला तयार नव्हता. बबनरावाने त्याला दंडाला धरून नेलं. दुसऱ्याच दिवशी बबनराव खाटेवर पडला. त्याच्या बायकोने, कोकिळाने, चंद्रभानला ओसरीतच थांबवलं.

"भाऊजी, गाठ आहे म्हन्ते डाक्टर. वर्ध्याले नेऊन कापा लागते. पन त्यायच्यापुढं नाव नोका काढजा."

हे सांगायची गरज नव्हती. गावाची रीतच होती. ज्याचं दुखणं, त्याच्यापुढे दुखण्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते उठून बसतं. गाठ कुठे आहे, हेसुद्धा चंद्रभानने विचारलं नाही.

बबनराव मात्र हटून बसला. "तू संगं येशीन तं जातो. अंदरपर्यंत. नाई तं नाई."

"मी कायले? वयनी आहे ना."

"तिले एस्टीत ओकाऱ्या होतेत. मी सोताले सांभाळू का तिले?"

चंद्रभानला दवाखान्याचं नावच नको होतं. त्याची बायको जयवंता सहा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या दारातून चालत आत गेली आणि आडवी बाहेर आली. तेव्हापासून तो त्या रस्त्यानेही जात नसे. स्वतःचं काही दुखलं तर ओवा चावायचा, हळद पोटात घ्यायची, वर दोन बिड्या ओढायच्या. शेवटी त्यानेच तोडगा काढला. भुयाराला विचारू. बबनराव ज्या दिवशी जिवंत बाहेर येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी एस्टी धरायची.

"कबूल," बबनराव लगेच म्हणाला. त्याने एवढा विश्वास टाकलेला पाहून चंद्रभानला मनातून लाजल्यासारखं झालं.

त्या अकराव्या दुपारी कोकिळाने दोघांपुढे ताटं ठेवली. चंद्रभानने वरण तेवढं पिऊन घेतलं. मित्राच्या घोराने त्याला कितीतरी दिवस भाकर उतरत नव्हती. धोतराचा काष्टाही सैल पडला होता.

"जेव ना बे," बबनराव म्हणाला, "बिमार मी आहो का तू?"

"तुया तोंडाकडं पाह्यलं का भूकच मरते."

"मंग तिकडं पाहून जेव. तिकडं म्हैस आहे."

दोघंही हसले. चंद्रभानला हसता हसता ठसका लागला.

निघताना कोकिळा फाटकापर्यंत आली. तिचे डोळे सुजले होते. "डाक्टर आलते सकाळी. पोळ्याच्या आत कापलं तं कापलं, म्हन्ते. मंग कोनी हात नाई लावनार." पोळ्याला चार दिवस होते.

चंद्रभान घरी आला आणि दाराला कडी लावून बसला. जन्मात त्याने पत्त्यात लबाडी केली नव्हती. डाव हरत राहिला तर आपण सुटतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अकरा दिवस तो सुटत आला होता.  मग त्याने पत्ते पसरले. मोठे बदाम वर घेतले, हत्यारं राक्षसांच्या अलीकडे लावली आणि चौकटचा एक्का इस्पिकच्या राजाला चिकटवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्ते पिसल्यासारखं केलं आणि सवयीने गड्डी पुढे धरली. "काट."

बबनराव क्षणभर त्याच्या हातांकडे पाहत राहिला. "नाई काटत. आज तुयाच हातचं होऊ दे."

खोल्या एकामागून एक उघडत गेल्या. राक्षस पडले. चौकटचा एक्का आला आणि त्यामागून राजा. बबनरावापुढे सात दाणे शिल्लक होते.

चुलीपाशी कोकिळा मोठ्याने रडायला लागली.

"आता काऊन रडून राह्यल्या, वयनी?" चंद्रभान म्हणाला. "निघाला ना तो भुयाराबाहेर. सकाळची गाडी धरू." 

गाडीत कोकिळाही बसली. वर्ध्यापर्यंत तिला एकही ओकारी झाली नाही. दवाखान्याच्या फाटकाशी चंद्रभान थांबला, तेव्हा बबनरावाने त्याचं मनगट पकडलं ते आतल्या पलंगाशी पोचेपर्यंत सोडलं नाही. मग बबनराव पलंगावर आडवा झाला. चंद्रभान उशाशी स्टुलावर टेकला आणि त्याने घाम पुसला. आपलं काम झालं, असं त्याला वाटलं.

कागद घेऊन सिस्टर आली. "ऑपरेशन कोणाचं आहे?"

बबनराव टुणकन उठला. त्याने दुपट्ट्याने चादर झटकली, हाताने सारखी केली आणि चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला.

"निज आता," तो म्हणाला. "याचं आहे, बाई. घशाचं."