तोंडातले खिळे

बाबा खुर्च्यांना गाद्या बसवायचे. काम करताना तोंडात बारीक खिळे धरलेले, म्हणून काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." शेवटचा खिळा ठोकला की तोंड मोकळं व्हायचं. मग नव्या खुर्चीत पहिल्यांदा बसायचा मान आईचा.

ते गेले तेव्हा अख्खी गल्ली रडली. आई मात्र सवयीने कामाच्या खोलीच्या बंद दाराशी जाऊन विचारायची, "चहा टाकू?"

परवा आतून "हं" आलं. तेव्हापासून आत हातोडी वाजतेय.

मी बाहेरून कडी घातली. आई म्हणाली, "कामात असताना त्यांना त्रास देऊ नकोस गं."

आज दुपारी हातोडी थांबली. बाबांचा आवाज आला, अगदी मोकळा.

"झाली बघ. ये, बसून बघ."

आई हात पुसत उठली. मी तिचं मनगट घट्ट धरलं. तिने शांतपणे माझं एकेक बोट सोडवलं.